अडीच गुंठ्यांचा पहिला हंगाम

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले कुरुंदा हे हळदीच्या आणि उसाच्या पट्ट्यातले गाव. टोकाई सहकारी साखर कारखाना इथलाच. ज्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच परिसरातल्या काळ्या जमिनीत पिकते. अशा कसदार शिवारात राहूनही पुष्कळ शेतकरी घरांत रोजची भाजी आठवडी बाजारातून विकत आणली जाते आणि पुढच्या बाजारापर्यंत पुरवून पुरवून खाल्ली जाते. हे बदलता येईल, आणि त्यासाठी फार जमीनही लागणार नाही. शेती असलेल्या प्रत्येक नवरा-बायकोने आपल्या वावरातला अडीच गुंठ्यांचा तुकडा येत्या खरिपापासून घरच्या भाजीसाठी वेगळा काढावा, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात खरिपातच करावी, कारण घराला भाजीची सर्वांत जास्त अडचण पडते ती नेमकी याच दिवसांत.

त्याचे कारण या पट्ट्यातल्या पैशाच्या चक्रात आहे. हळद मृगाच्या आगेमागे लागते आणि आठ-नऊ महिने जमिनीत राहते. काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश हे सगळे उरकून ती मोंढ्यावर जाते तोवर उन्हाळा लागलेला असतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, उसाचा कारखान्याच्या सवडीने. मधल्या काळात जूनमध्ये बियाणे, खत, मजुरी, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असे सगळे एकदम अंगावर येते. श्रावण-भाद्रपदापर्यंत घरातली रोकड आटलेली असते. आणि याच दिवसांत पालेभाज्या पावसाने सडतात, आवक घटते, भाव चढतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी केव्हाच ओलांडली होती, हे कोणी विसरलेले नसेल. ज्वारी आणि तुरीची डाळ घरात असते, म्हणून हात आखडला की काटछाट पहिली भाजीवर येते. पिठले, वरण, ठेचा यांवर आठवडा निघतो. पोट भरते, पण ताटातला हिरवा भाग नाहीसा होतो.

पूर्वी असे होत नसे, याचे कारण भाजी वेगळी पिकवावीच लागत नसे. ज्वारीच्या आणि कापसाच्या वावरात अंबाडी, भेंडी, गवार, चवळी, काकडी यांच्या ओळी असत. धुऱ्यावर दोडक्याचा, कारल्याचा वेल चढलेला असे. खुरपणीला गेलेली बाई येताना ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू घेऊन येई. सोयाबीनचे सलग पीक आले आणि मिसळीच्या ओळींना जागा उरली नाही. पाठोपाठ तणनाशक आले. तणनाशकाला गवत आणि रानभाजी यांतला फरक कळत नाही. मजुरीची अडचण पाहता तणनाशक वापरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही, पण त्या फवाऱ्याबरोबर घराची एक फुकटची भाजी गेली, ही नोंद कुठल्याच हिशेबात झाली नाही. सणांच्या रूपाने जुन्या रचनेची खूण मात्र शिल्लक आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने लावलेली भाजी खायची. महालक्ष्म्यांना मराठवाड्यात सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवायचा. दोन्ही सण भाद्रपदातले. खरिपातली घरची भाजी नेमकी तेव्हाच भरात असते. आज त्या सोळा भाज्या बाजारातून वाट्याने आणाव्या लागतात.

अडीच गुंठेच का, तर या आकाराला अनुभवाचा आधार आहे. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर अशी जबाबदारी टाकली की मागणी असेल तर श्रमिक कुटुंबांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने द्यायचे. तिथला रूढ तुकडा एकराच्या सोळाव्या हिश्श्याचा, म्हणजे आपल्या मापाने बरोबर अडीच गुंठे. लांबी-रुंदी साधारण ५२ फूट धरा. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई असताना अशा तुकड्यांनी तिथल्या घरांना मोठा हातभार लावला. आता आपली गरज पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी हवी, त्यात १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो, चार महिन्यांना २४० किलो. भेंडीसारख्या पिकाचे हेक्टरी १० टन हे बेताचे उत्पादन आहे. ते गुंठ्याला १०० किलो पडते. म्हणजे जाणत्या हाताखाली अडीच गुंठ्यांत चार महिन्यांची गरज भागते. नवख्या जोडप्याला पहिल्या वर्षी निम्मेच साधेल असे धरले तरी सव्वाशे किलो भाजी घरात येते. पहिल्या हंगामाकडून अपेक्षा एवढीच ठेवावी, आणि ती कमी नाही.

हळद लावणाऱ्या जोडप्याला या कामातला सर्वांत अवघड धडा आधीच येतो. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळे गुदमरतात, रोपे पिवळी पडून बसतात. त्यावर गादीवाफा हा उपाय वसमतच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. तेच वाफे भाजीला करायचे, मधल्या सरीतून पाणी बाहेर काढून द्यायचे. जागा मात्र उंचावरची हवी. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कुरुंद्यात घरांमध्ये पाणी शिरले होते. ओढ्या-नदीकाठचा तुकडा कितीही भुसभुशीत असला तरी पहिल्या वर्षी टाळावा. आखाड्याजवळची किंवा घरामागची जागा बरी, कारण रानडुकरे, वानरे आणि मोकाट जनावरे यांच्यावर नजर राहते. शेणखत उन्हाळ्यातच मिसळून ठेवावे. वांगी आणि मिरचीचे रोप मेअखेरीस टाकले तर पाच-सहा आठवड्यांनी लावणीला येते. बाकीची पेरणी आर्द्रात, जमीन पुरती ओली झाल्यावर. नवशिक्यांचे बहुतेक नुकसान दोन गोष्टींत होते. हौसेने सगळे बी एकाच दिवशी टाकले जाते. मग एका आठवड्यात भाजी खपता खपत नाही आणि पुढचे तीन आठवडे वाफा रिकामा राहतो. पालेभाजी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी. दुसरी गोष्ट, भर पावसात मेथी आणि कोथिंबीर लावण्याचा हट्ट. या भाज्या त्या दिवसांत महाग असतात त्या पावसात टिकत नाहीत म्हणूनच. माठ, तांदुळजा, अंबाडी, चवळीचा पाला पावसाला दाद देत नाहीत आणि महिनाभरात ताटात येतात. दीड महिन्याने भेंडी-गवार, दोन महिन्यांच्या आसपास दोडका, कारले, दुधी, आणि वांगी लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी. जुलैअखेरीस पाला आणि महालक्ष्म्यांच्या सुमारास बाकीचे, असा हा क्रम बसतो.

रोग-किडींनी पहिला हंगाम हमखास दुखावतो. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने या रोगाला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला, तो रानटी जातीशी संकर करून. इतक्या वर्षांत त्याची प्रतिकारशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही, तरी घरच्या वाफ्याला तो अजूनही उपयोगी, कारण तो सरळ वाण आहे, त्याचे बी घरी धरता येते. रोगट झाड दिसताच उपटावे, वाट पाहू नये. वांग्याचा सुकलेला शेंडा अळीसकट कापून नष्ट करावा, वेलाखाली पडलेली किडकी फळे खड्ड्यात पुरावीत. एकरभर वांग्यांत हे जमत नाही, म्हणून तिथे फवारणी होते. वीस झाडांत रोज सकाळी पाव तास पुरतो. लहान क्षेत्राचा हा फायदा कोणतेही औषध देऊ शकत नाही.

यावर हिशेबी शेतकरी म्हणेल की ही जागा हळदीला दिली तर भाजीपेक्षा जास्त पैसे होतील. हे खरे आहे, आणि म्हणून हळदीची जागा घ्यावी असे मी म्हणतच नाही. सोयाबीनची घ्यावी. एकरी आठ क्विंटल धरले तर अडीच गुंठ्यांत अर्धा क्विंटल सोयाबीन होते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याचे २,६६४ रुपये येतात, तेही हमीभाव मिळाला तर. खर्च त्यातूनच वजा. सव्वाशे किलो भाजीचा बाजारभाव पावसाळ्यात किलोला अवघा ३० रुपये लावला तरी पावणेचार हजार होतात, आणि ते रुपये टंचाईच्या महिन्यांत खिशातून जायचे वाचतात. दिवाळीला मिळणारे अडीच हजार आणि श्रावणात वाचणारे पावणेचार हजार यांची किंमत शेतकऱ्याच्या घरात सारखी नसते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. परसबाग म्हटले की ती बाईच्या गळ्यात पडते. स्वयंपाक, पाणी, धुणे, मजुरीची किंवा घरची खुरपणी, आणि वर आता पोषणाची जबाबदारीही तिचीच. ही भीती निराधार नाही. योजनांच्या कागदांत परसबाग नेहमी महिलांच्या रकान्यात असते. उत्तर म्हणून महाराष्ट्रातलाच एक विचार पुन्हा काढून पाहिला पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा. १९९२ मध्ये शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी त्याच नावाची योजना काढली. जोशींनीच सीताशेतीची कल्पना मांडली: असा तुकडा बाईने आपल्या निर्णयाने, विकतच्या निविष्ठांवाचून कसावा. या मांडणीत राबणे आणि ठरवणे एकाच हातात येते. देशात शेतीच्या खातेदारांत बायका २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सुमारे १४ टक्केच होत्या. कामात त्या किती आहेत हे कोणत्याही वावराच्या कडेला उभे राहिले की दिसते. धाराशिव-लातूर भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने दुष्काळी काळात हाच धागा पकडला. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात कमी पाण्यावर भाज्या, कडधान्ये, धान्य घ्यायचे, आधी घरी खायचे आणि उरलेले विकायचे. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. माझ्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट मागून घेण्याची आहे. अडीच गुंठ्यांत काय लावायचे, किती विकायचे, विकलेल्याचे पैसे कुठे जायचे हे तिने ठरवावे. वाफे ओढणे, कुंपण, खत वाहणे, रात्रीच्या विजेवर पाणी देणे ही कामे नवऱ्याने आपल्याकडे घ्यावीत. आणि तुकडा देताना खडकाळ कोपरा देऊ नये. नापीक जागा देऊन प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे आहे.

परसबागेने रक्तक्षय हटेल असे जे मोठे दावे केले जातात, त्यांच्याबद्दल मात्र सावध राहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. पालेभाजीतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. सोबत लिंबू पिळले तर थोडे अधिक. गोळ्या, जंतनाशन, डाळ, अंडी, दूध यांना भाजी पर्याय ठरत नाही. पण भाजी लावली की ती खाल्ली जाते, एवढे नक्की. वर्धा जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनच्या गावांत स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने पोषणासाठी शेतीचा जो अभ्यास केला, त्यात परसबागा आल्यावर कुटुंबांच्या आहारातल्या भाज्या वाढल्याचे दिसले. तिथली माती आणि पिके कुरुंद्याहून फार वेगळी नाहीत.

ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचे काय, हा प्रश्न मागे ठेवून पुढे जाता येणार नाही. मराठवाड्यात मजूर कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि बाजारभावाचा फटका त्यांना आधी बसतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते जमिनीच्या तुकड्यासाठीच. ब्रिटनचा तो कायदाही मुळात जमीन नसलेल्यांसाठी होता. ‘उमेद’ अभियानातून बचत गटांच्या पोषण परसबागा उभ्या राहिल्या, पण अंगणच नसलेल्या घराला परसबाग कुठली? ग्रामपंचायतीने गावठाणाजवळची जागा अशा जोडप्यांना हंगामापुरती, नावनिशी आखून द्यावी. सालगड्याला धान्य देणाऱ्या शेतकऱ्याने त्याच्या घरासाठी दोन वाफेही सोडावेत. त्याला शासन निर्णयाची गरज नाही.

राहिला पाण्याचा मुद्दा. खरिपात तो फारसा येत नाही, म्हणूनही सुरुवात तेव्हाची सोपी. हस्त सरला की रिकाम्या वाफ्यांत मेथी, पालक, शेपू, मुळा, गाजर पेरावे. पावसात जी रुसते ती मेथी आता महिन्याभरात काढणीला येते, आणि भोगीच्या भाजीचे अर्धे सामान घरचे निघते. विहीर आटू लागली की मार्चपासून क्षेत्र अर्ध्या गुंठ्यावर आणावे. न्हाणीच्या पाण्यावर दोन शेवगे आणि कढीपत्ता तग धरतात. भेंडीची चार निरोगी झाडे मात्र खरिपातच निवडून ठेवावीत, त्यांच्या शेंगा झाडावर वाळू द्याव्यात, आणि ते बी राखेत घोळून पुढच्या आर्द्रासाठी बरणीत भरावे.