शेख महंमदबाबांचा दुसरा संग्रह

श्रीगोंद्याच्या वाचकांस शेख महंमदबाबांचें नांव नव्यानें सांगावयास नको. तथापि त्यांच्या समाधीपुढें हात जोडणारे पुष्कळ आणि त्यांची कविता वाचणारे थोडे, असें आम्हांस दिसतें. म्हणून त्या कवितेविषयीं चार शब्द लिहितों.

बाबा जन्मानें मुसलमान. त्यांचे गुरु चांद बोधले कादरी परंपरेंतील सूफी. आणि कविता मात्र विठ्ठलभक्तांच्या मराठींत. त्यांचा 'योगसंग्राम' शके 1567, म्हणजे इ. स. 1645 मध्यें पुरा झाला. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं तो 1959 सालीं छापविला आणि 1961 सालीं बाबांचा 'कवितासंग्रह' निराळा काढिला. यासच आम्ही दुसरा म्हणतों. हा क्रम छपाईचा, रचनेचा नव्हे.

पहिला ग्रंथ वाचून जो दुसऱ्याकडे वळतो तो प्रथम गोंधळतो. 'योगसंग्रामां'त अठरा प्रसंग, पण छंद एकच, ओवी. तिचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आखूड. त्यामुळें विचार न थांबतां पुढें सरकतो आणि जीवाचें मनोविकारांशीं चाललेलें युद्ध सलग सांगतां येतें. दुसऱ्या संग्रहांत ही सलगता नाहीं. येथें अभंग आहेत, नित्याच्या व्यवहारांतून परमार्थ सुचविणारीं रूपकें आहेत आणि हिंदुस्थानी भाषेंतील पदेंही आहेत. कोणी म्हणेल, कवीचा हात विस्कळित झाला. आम्हांस तसें वाटत नाहीं.

त्या काळचें गांव डोळ्यांपुढें आणावें. निजामशाही 1636 त बुडाली होती. दरबारीं फारशीचा मान, शेतांत व माजघरांत मराठी, बाजारांत व फकिरांच्या तळावर दक्खनी. ओवी स्वस्थ बसून ऐकणाऱ्यासाठीं. अभंगाचें तसें नाहीं. त्याचें ध्रुपद टाळकऱ्यांनीं उचलावें लागतें, म्हणून तो थोडक्यांत व ठसठशीत हवा. ज्यास वेदान्ताचे शब्द जड जातात त्यास रूपक जवळचें. आणि ज्यास विठ्ठलाचें नांव परकें, त्याच्याशीं त्याच्याच बोलींत बोललें पाहिजे. श्रोता बदलला कीं बाबांचा सूर बदलतो. मात्र ढोंगी गुरूंवरील कोरडा कोठेंच सैल पडत नाहीं, मग तो गुरु भगवा नेसो कीं हिरवा. दोन्ही बाजूंची नाराजी ओढवून घेण्याचें हें धाडस होतें, आणि तें एकाच भाषेंत केलें असतें तर अर्धेंच झालें असतें.

सर्वच भाग सारखा रसाळ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. श्वासाच्या व योगाच्या खुणा सांगणाऱ्या रचना त्या मार्गांतील नसणाऱ्यास रुक्षच वाटतील. विद्यार्थ्यांनीं त्या खुशाल मागें ठेवाव्या. रूपकें मात्र मोठ्यानें वाचावीं. हिंदुस्थानी पदांशीं आमच्या घरचीं मुलें अडखळतात; पण आळींत उर्दू जाणणारा एखादा सोबती असला, कीं त्या पानावर तोच पुढें बसतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात.