आतल्या खोलीत वायफाय का पोचत नाही?

आमची मुलगी बारावीचा अभ्यास रात्री दारात बसून करायची. मोबाईलवरचा तास तिथेच नीट दिसे. आतल्या खोलीत चित्र थांबून राही. आम्ही महागडा प्लॅन घ्यायला निघालो होतो. परंतु दोष प्लॅनचा नव्हता, राउटरच्या जागेचा होता. वायर दारातून आली म्हणून तो दाराशीच, लोखंडी कपाटामागे ठेवलेला!

वाचकहो, वायफाय म्हणजे रेडिओलहरी. धातू त्यांना परतवतो. जाड भिंत आणि पाण्याची टाकी त्यांना शोषून घेते. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळा ठेवावा. बऱ्याच राउटरांत दोन बँड असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, २.४ चा संथ, पण दूर पोचतो. आतल्या खोलीत २.४ चा जोडून पाहावा. दाट वस्तीत त्यावर शेजारच्या राउटरांची गर्दी असते. तेव्हा सेटिंगमध्ये १, ६, ११ पैकी मोकळा चॅनल निवडावा.

तरीही भागले नाही तर रिपीटर घ्यावा. तो आतल्या खोलीत नव्हे, सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावावा. त्याला जे मिळते तेच तो पुढे देतो. साध्या रिपीटरने वेग निम्म्यावर येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. खात्रीचा उपाय म्हणजे आतपर्यंत नेटवर्क केबल ओढून तिथे दुसरा राउटर जोडणे.

आम्हाला एवढे करावे लागले नाही. केबलवाल्याकडून वायर वाढवून घेतली आणि राउटर मधल्या भिंतीवर टांगला. मुलगी आता आत बसते.