लाकडाची जमीन आणि आमचा पावसाळा

सिल्वासात आणि भोवतालच्या गावांत नवी घरे उठू लागल्यापासून एक प्रश्न आम्हांला वरचेवर विचारला जातो. शाळेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. परंतु मुख्याध्यापकाला सर्व विषयांतले कळते ही समजूत या भागात अद्याप शिल्लक आहे, आणि तिला धक्का लावण्याची आमचीही फारशी इच्छा नाही. प्रश्न असा असतो : ‘सर, दिवाणखान्यात लाकडाची जमीन करायची म्हणतो. इथल्या पावसात टिकेल का?’ दुसरा प्रश्न पत्रांतून आणि दूरध्वनीवरून येतो, आणि तो बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या आप्तांचा असतो : ‘जुने घर पाडून तेथे इमारत व्हायची आहे. माडीच्या फळ्यांना जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटावर भाव देतो आहे. देऊन टाकू का?’ हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत असे आमचे मत आहे. पहिल्याचे उत्तर ज्याला नीट उमगले, तो दुसऱ्याच्या बाबतीत व्यापाऱ्याला घाईने होकार देणार नाही.

लाकूड झाडापासून वेगळे झाले तरी हवेशी असलेले त्याचे देणेघेणे संपत नाही. हवा दमट झाली की ते पाणी शोषून फुगते, हवा कोरडी झाली की पाणी सोडून आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी मुरलेले असते. आर्द्रता ८० ते ८५ टक्क्यांवर जाऊन तशीच राहिली की हे प्रमाण हळूहळू १६ ते १८ टक्क्यांपर्यंत चढते. वर्षाला दोनशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बव्हंशी चार महिन्यांत, अशा आमच्या प्रदेशात हा चढउतार दरसाल ठरलेलाच. फुगणे लांबीत जवळजवळ नसते, ते रुंदीत होते. सातवीच्या मुलांना आम्ही एकदा याचे गणितच घातले होते. साधारण पद्धतीने चिरलेली सागाची फळी या फरकाने रुंदीत शेकडा दीड वाढते, तर १२ फूट रुंद खोलीत सर्व फळ्या मिळून किती वाढतील? उत्तर येते २ इंचांहून थोडे अधिक. एका मुलाने उत्तर काढून झाल्यावर विचारले, ‘पण सर, ते दोन इंच जातील कुठे?’ लाकडी जमिनीचे सारे शास्त्र या प्रश्नात आले.

ते दोन इंच कुठे जातात हे आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या बंगल्यात एका कंत्राटदाराने फाल्गुनात सागाच्या फळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, सुरीचे पाते जाणार नाही अशा घट्ट बसवून दिल्या. काम आरशासारखे दिसे. आषाढ अर्धा सरला नाही तोच खोलीच्या मध्यभागी जमीन पालथ्या परातीसारखी उचलली गेली. कंत्राटदाराने लाकडाला दोष दिला, सागच नव्हता असे सांगितले. साग होता. त्या सागाला हलायला जागा ठेवलेली नव्हती, एवढेच.

आपल्या पूर्वजांनी या अडचणीची सोडवणूक फार साधी केली होती. त्यांनी भुईवर लाकूड घातलेच नाही. खाली दगड किंवा चोपून सारवलेली जमीन आणि लाकूड वरच्या मजल्याला, ही विभागणी वाड्यावाड्यांतून दिसते. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. बडोद्याच्या तांबेकर वाड्याकडे लोक भित्तिचित्रांसाठी जातात. जाणाऱ्यांनी तेथील लाकूडकामाकडेही नजर टाकावी असे आम्ही सुचवतो. सामान्य घरांत हीच रीत कडीपाटाची. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. खालच्या खोलीचे छत तीच वरच्या माडीची जमीन, आणि दोहोंच्या मध्ये सदैव खेळती हवा. पाटाला वरून व खालून सारखीच हवा मिळाली की तो सरळ राहतो. एक बाजू ओली व दुसरी कोरडी झाली की तो काठांवर वळतो. आमच्या भागातील वारली व कोकणा बांधवांच्या घरीही पाहावे : भिंती कारवीच्या कुडाच्या, जमीन शेणाने सारवलेली, आणि धान्य ठेवायचा माळा तेवढा लाकडाचा किंवा बांबूचा. वाड्यात आणि झोपडीत शहाणपण एकच.

‘दमट हवेत लाकूड कुजायचेच’ हे विधान आम्ही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकतो. त्याला उत्तर म्हणून एका जहाजाची हकीकत सांगण्याजोगी आहे, आणि ती आमच्या घरचीच आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे लढाऊ जहाज पकडले. त्याच्या भरपाईदाखल, पुढे झालेल्या तहाला अनुसरून, १७८३ साली नगर हवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांकडे गेला. जहाजापायी गेलेल्या या परगण्यातलाच साग नंतर दमणच्या गोदीत नेला गेला, आणि त्यातून ‘दों फर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’ हे पन्नास तोफांचे जहाज बांधून १८४३ साली पाण्यात सोडण्यात आले. त्याने पोर्तुगाल आणि हिंदुस्थान यांच्यामधील सागर वर्षानुवर्षे तुडवला. १९६३ साली ते आगीत सापडले आणि त्याचा सांगाडा लिस्बनजवळ टेगस नदीच्या चिखलात सुमारे तीस वर्षे पडून राहिला. १९९२ साली तो वर काढून दुरुस्त करण्यात आला, आणि १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ते जहाज लोकांनी पाहिले. आज ते संग्रहालय म्हणून उभे आहे. समुद्राने ज्याचे काही बिघडवले नाही, त्याचे नुकसान आगीने केले. पुण्याच्या शनिवारवाड्याची गत १८२८ साली तीच झाली, आणि इंदूरच्या राजवाड्याची १९८४ साली.

आता निवडीविषयी. सागाला पर्याय नाहीत असे नाही. हेदाचे पिवळसर, एकसारख्या पोताचे लाकूड जमिनीला चांगले. शिसव उत्तम, पण परवडणार कोणाला? ऐन दणकट खरा, परंतु वाळताना चिरतो आणि ओल-वाळीत फार हलतो, म्हणून तो तुळईला ठेवावा. राहिला साग. त्याच्या गाभ्यात स्वतःचे तेल असते आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. हे गुण केवळ गाभ्याचे. बाहेरच्या पांढरट भागात ते नाहीत, तो वाळवी खुशाल खाते. कोवळ्या लागवडीच्या झाडांत हा पांढरट भाग पुष्कळ निघतो, म्हणून ‘साग’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. फळी उलटीपालटी करून पाहावी, आणि वाहतुकीचा परवाना व पावती असलेलाच माल घ्यावा. सुताराला आणखी एक विचारावे : टोकाकडून पाहिले असता वर्षवलये फळीच्या पृष्ठाला उभी दिसतात की आडवी? उभ्या वलयांची फळी आडव्या वलयांच्या फळीच्या जवळजवळ निम्म्यानेच फुगते. ती महाग पडते, कारण तशी चिरताना ओंडक्याचा नाश अधिक होतो.

बाजारात लाकडासारखी दिसणारी, कागदी चित्र चिकटवलेली तक्तेही मिळतात. आत दाबलेला लाकडाचा भुसा असतो. पाणी शिरले की काठ फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. त्यांना रंधा मारता येत नाही. आमच्या हवेत आम्ही ती सुचवणार नाही. आडव्या-उभ्या थरांवर खऱ्या लाकडाचा जाड पापुद्रा चढवलेल्या फळ्या निराळ्या. त्या कमी हलतात, आणि तळमजल्यावर काँक्रीटवर लाकूड घालायचेच असेल तर त्या बऱ्या.

बसवण्याचा मुहूर्त आम्ही अश्विन-कार्तिकाचा धरतो. पावसाची ओल ओसरलेली असते आणि कडक कोरडेपणा यायचा असतो, म्हणजे फळी मधल्या मापावर असते. भारतीय मानकांतही लाकडातील ओलाव्यासाठी हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत. राजस्थानात वाळवलेली फळी कोकणपट्टीत तशीच ठोकू नये हा त्याचा व्यवहारातला अर्थ. फळ्या आणल्यावर ज्या खोलीत बसवायच्या तेथेच, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल अशा रचून, तीन-चार आठवडे ठेवाव्यात. सुतार कुरकुरतो, त्याला दुसरे काम द्यावे. भिंतीलगत चारी बाजूंनी अर्धा इंच जागा सोडावी, ती कडेच्या पट्टीखाली झाकली जाते. पट्टी मात्र भिंतीला ठोकावी, जमिनीला नव्हे. फळ्या चार इंचांहून रुंद नसाव्यात, आणि दर पाच-सहा फळ्यांमागे नाण्याच्या जाडीएवढी फट असावी. नव्या काँक्रीटची परीक्षा घरच्या घरी होते. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी उचलून पाहावा. खाली थेंब किंवा काळसर ओल दिसली, तर लाकडाचे नाव तूर्त काढू नये.

जुन्या जमिनीला नवे रूप द्यायचे काम सुतारापेक्षा घरच्या माणसांच्या धीराचे आहे. प्रथम खिळ्यांची डोकी फळीच्या आत दाबून घ्यावीत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. सागात वाळूसारखी कणी असल्यामुळे ते तसेही लवकर बोथट होते. इंचभर जाडीच्या फळीला यंत्राने एक वेळ घासले तर साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जातो. म्हणजे नीट वापरलेली जमीन तीन-चार पिढ्यांचे घासणे सोसते. प्रत्येक डाग काढण्याचा हट्ट मात्र करू नये. सागाची धूळ घशाला आणि कातडीला बाधते, तोंडाला फडके बांधल्याशिवाय कामाला लागू नये.

वरून काय द्यावे, यावर घरोघर वाद होतात. चपडी लाख स्पिरिटात विरघळवून केलेले पॉलिश खुर्चीला शोभते; जमिनीवर ओल लागताच ते पांढरे पडते. कृत्रिम राळेचे कडक वार्निश टिकाऊ आहे, परंतु सागाच्या तेलामुळे ते नीट धरत नाही, म्हणून आधी स्पिरिटाने पुसून घ्यावे लागते. आणि एका जागी उडाले तर सगळी खोली पुन्हा घासावी लागते. आमची पसंती उकळलेल्या जवसाच्या तेलाला. पातळ हात द्यावा, जिरू द्यावा, उरलेले पुसून टाकावे, असे तीन-चार वेळा. पुढे जिथे झिजेल तिथेच तेल लावले की झाले. मात्र तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेत सुकताना उष्णता सोडते आणि असा बोळा काडी न लावताही पेट घेतो. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत. वरच्या परिच्छेदात ज्या आगी सांगितल्या त्या आठवाव्यात.

आमच्या भगिनींना एक विनंती आहे. रोज बादलीभर पाण्याने लादी पुसण्याची आपली सवय लाकडाला मानवत नाही. केरसुणी आणि चांगले पिळलेले फडके पुरते. भिजलेल्या छत्र्या आणि चपला पडवीतच राहू द्याव्यात.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पाडल्या जाणाऱ्या वाड्याच्या कडीपाटातला साग कुठल्या झाडाचा होता हे आज कोणी सांगू शकणार नाही. तो बहुधा जुन्या, जाड झाडांच्या गाभ्याचा असतो आणि कित्येक पावसाळे त्याने हवेबरोबर फुगण्या-आकसण्यात काढलेले असतात. त्याचा पीळ, चिरा, वाकणे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. नव्या बाजारात असे लाकूड पैसे मोजूनही सहज मिळत नाही. खालच्या बाजूला चुलीच्या धुराची काजळी असते म्हणून ते टाकाऊ वाटते; पाव मिलिमीटर घासताच आतून मधाचा रंग निघतो. असे पाट घनफुटाच्या भावाने देणे आम्हांला तरी पटत नाही. मग तेच लाकूड तासून, ‘जुना साग’ म्हणून, चढ्या किमतीने आपल्याच शहरात विकायला येते.

घर पाडायचेच असेल, आणि अनेकांना ते भाग असते, तर पाडणाऱ्या मजुरांच्या आधी एका जाणत्या सुताराला दोन दिवस घरात पाठवावे. त्याने टोकांना टोचून पाहावे. भिंतीत गेलेली टोके पुष्कळदा कुजकी असतात, ती हातभर कापून टाकली की बाकीचा पाट धडधाकट निघतो. फळ्या पहारीने उचकटू नयेत, खिळे खालून ठोकून वर काढावेत. प्रत्येक फळीच्या मागे खडूने खोलीचे नाव आणि आकडा घालावा : माजघरावरची १, २, ३, देवघरावरची १, २, ३. वाळवी लागलेली फळी लगेच वेगळी करावी. मग पट्ट्या घालून छपराखाली रचावे, आणि नव्या घराचे काँक्रीट वाळून कार्तिक उजाडेपर्यंत त्यांना हात लावू नये.