अंगावरून पांढरे जाणे: कधी साहजिक, कधी दुखणे

रोवणीच्या दिवसांत गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या बाया सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकलेल्या असतात. खाज, जळजळ, ओटीपोटातली ठणक हे सगळे ‘बाईमाणसाला व्हायचेच’ म्हणून अंगावर काढले जाते. नेहमीचे संसर्ग थोड्या दिवसांच्या औषधाने बरे होतात. काही मात्र दुर्लक्ष केले की गर्भाशय आणि बीजनलिकांपर्यंत पोहोचतात.

वसा आणि अमिर्झा

ही दुखणी किती पसरलेली आहेत, हे जगाला गडचिरोली जिल्ह्यानेच दाखवले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के, तर आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. तक्रार नाही म्हणून आजार नाही, असे धरून चालत नाही.

साहजिक काय?

दोन पाळ्यांच्या मध्यावर किंवा गरोदरपणात पातळ, पांढरट, वास नसलेला स्राव जातो; तो आजार नव्हे. योनीतले उपकारक जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते रोगजंतूंना रोखते. साबण किंवा जंतुनाशकाने आतून धुतले, तर हे संरक्षण बिघडते.

तीन नेहमीचे संसर्ग

बुरशी: दह्यासारखा घट्ट स्राव, खूप खाज, लाली. मधुमेह, गरोदरपण किंवा अँटिबायोटिकनंतर हा त्रास जास्त होतो.

जिवाणूंचा समतोल बिघडणे: राखाडी, पातळ स्राव आणि मासळीसारखा वास. खाज फारशी नसते.

ट्रायकोमोनास: पिवळा-हिरवट, फेसाळ स्राव, जळजळ. हा शरीरसंबंधातून पसरतो. नवऱ्याला काही जाणवत नसले तरी त्यालाही औषध द्यावे लागते. नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते.

रोवणीत आडोसा नसतो, म्हणून बाया पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. अशाने लघवीचा संसर्गही होतो. थेंब थेंब, जळजळीत लघवी ही त्याची खूण.

थांबू नये अशी लक्षणे

ओटीपोटात दुखणे आणि सोबत ताप, संबंधाच्या वेळी वेदना, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणे: यांपैकी काहीही असेल तर लगेच दाखवावे. बीजनलिकांपर्यंत गेलेल्या संसर्गातून वंध्यत्व येऊ शकते, नलिकेतच गर्भ राहण्याचा धोकाही वाढतो. तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तक्रार नसतानाही करून घ्यावी.

दवाखान्यात

आशाताई किंवा सिस्टरला सांगून सुरुवात करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आरमोरीचे उपजिल्हा रुग्णालय जवळच आहेत. सरकारी कार्यक्रमात लक्षणांनुसार रंगीत औषधसंच मोफत मिळतात: योनीच्या स्रावासाठी हिरवा, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा. हिरव्या संचात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असते. गरोदर बाईने तसे आधी सांगावे, कारण तिचे औषध वेगळे असते. या गोळ्यांवर मोहाची दारू घेऊ नये. मळमळ, उलट्या होऊ शकतात.

शेवटच्या पाळीची तारीख, स्रावाचा रंग आणि वास, साखरेचा आजार, नवऱ्याची तक्रार एवढे सांगितले तरी डॉक्टरांना दिशा मिळते. पांढऱ्यामुळेच कमजोरी येते असे समजू नये. रक्ताची तपासणीही करून घ्यावी, कारण थकव्यामागे बरेचदा रक्तक्षय असतो.

घरी

पाळीचे कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे, अंधाऱ्या कोपऱ्यात कपड्यांखाली लपवू नये. ओले लुगडे घरी आल्याबरोबर बदलावे. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत.