भूकंपांत इमारत कशी डोलते?

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, गणेशविसर्जनाची रात्र सरते न सरते तोंच, किल्लारीच्या परिसरांत जो भूकंप झाला त्याचें स्मरण आपल्या जिल्ह्यांतील वडील मंडळींस करून देण्याचें कारण नाहीं. लातूर व धाराशिव ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. आपल्याकडील सास्तूरसारखीं गांवें दगडमातीचे ढीग होऊन पडलीं. त्या ढिगाऱ्यांत एक गोष्ट पाहणारांच्या ध्यानांत आली. पुष्कळ ठिकाणीं दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती कोसळल्या होत्या, पण त्याच घरांतील खणांचे लांकडी खांब तुळयांसह उभे होते. जाड भिंत पडावी आणि वीतभर जाडीचा खांब टिकावा, हें कसें?

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक वस्तूला हालण्याची स्वतःची अशी एक लय असते. नागपंचमीचा झोका कितीहि जोरानें ढकला, त्याच्या एका फेरीस लागणारा वेळ फारसा बदलत नाहीं. शाळेच्या घंटेवर कोठेंहि टोला द्या, ती आपल्याच सुरांत वाजते. एका सेकंदांत जितके हेलकावे होतात त्यांस त्या वस्तूची स्वाभाविक कंपसंख्या म्हणतात. ताठरपणा वाढला कीं ती वाढते व वजन वाढलें कीं ती घटते. ताठरपणा तोच ठेवून वजन चौपट केल्यास ती निम्म्यावर येते. झोका परत येण्याच्या नेमक्या क्षणीं हलकासा हात लावीत गेलें, तर तो पाहतां पाहतां फांदीला जाऊन भिडतो. जमिनीचे हेलकावे आणि इमारतीची लय यांचा असा मेळ बसला म्हणजे अनर्थ ओढवतो. ह्या मेळास अनुनाद हें नांव आहे.

झोक्याची लय मोजणें सोपें. पण पूल, यंत्राचा सांगाडा किंवा धरण यांची लय, तीं बांधण्यापूर्वींच, कशी काढावी? त्यांचा आकार वेडावांकडा, जाडी जागोजागीं निराळी. एका सूत्रांत तें सारें बसत नाहीं. येथें गणितज्ञांनीं एक युक्ति काढली, आणि ती मुळांत फार जुनी आहे. वर्तुळाचा परीघ मोजतांना आर्किमिडीजनें ९६ भुजांची आकृति घेतली होती. वक्र रेषा अवघड, पण लहान सरळ रेषा सोपी. त्याचप्रमाणें सबंध रचनेचे, मनांतल्या मनांत, शेंकडों लहान त्रिकोण किंवा चौकोन पाडावयाचे. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याशीं कोंपऱ्यांतील गांठींनीं जोडलेला. एका तुकड्याचें वजन व ताठरपणा काढणें शक्य असतें; मग सर्व गांठींचीं समीकरणें एकत्र मांडून सोडवावयाचीं. जितक्या गांठी, त्याच्या दुप्पट-तिप्पट समीकरणें! हातानें हें काम जन्मभर पुरणार नाहीं. संगणक तें झटपट उरकतो. १९५६ सालीं विमानांच्या पंखांसाठीं हा मार्ग मांडला गेला, आणि १९६० सालीं अमेरिकेंतील रे क्लफ यांनीं त्यास जें नांव दिलें त्याला मराठींत ‘सान्त घटक पद्धति’ म्हणतां येईल.

ह्या पद्धतीचा कस आपल्या महाराष्ट्रांतच लागला. ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास भूकंपाचा जबर धक्का बसला. कोयनेचें धरण १०३ मीटर उंच व काँक्रीटचें. तें फुटलें नाहीं, पण त्याच्या उंच खंडांस आडवे तडे गेले. नवल हें कीं, तडे पायथ्याशीं नव्हते. सुमारे ६६ मीटर उंचीवर, जेथें धरणाच्या मागील बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या ठिकाणीं ते प्रामुख्यानें होते. धरण आंखतांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणें असें धरलें होतें कीं, भूकंपाचा आडवा रेटा वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका, आणि तोहि माथ्यापासून तळापर्यंत सारखाच. जणूं धरण म्हणजे न डोलणारा एक धोंडा! त्या हिशेबांत तडा जाण्यासारखा ताण कोठेंच दिसत नव्हता. प्रत्यक्षांत धरणांतील यंत्रावर जो हादरा नोंदला गेला तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा भरला.

पुढें बर्कली येथील प्रा. अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनीं धरणाच्या छेदाचे असे तुकडे पाडून हाच हादरा गणितांत घातला; त्यांचा निबंध १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. धरणाची मुख्य लय सेकंदास सुमारे तीन हेलकाव्यांची निघाली. माथा पायथ्यापेक्षां कितीतरी अधिक झुलत होता, आणि माथ्याचें वजन बरेंच असल्यामुळें त्याचा सारा हिसका उतार बदलतो त्या मानेवर येत होता. तेथील ताण काँक्रीटच्या शक्तीबाहेर गेला होता. तडे जेथें दिसले होते, गणितानें बोट ठेवलें तें तेथेंच. त्या खंडांस मागून काँक्रीटचा भक्कम आधार देण्यांत आला.

आतां पुन्हां आपल्या घरांकडे येऊं. कोयनेचें धरण हें एकजीव अंग आहे. मातींत रचलेली दगडी भिंत तशी नाहीं. तिचें बाहेरचें तोंड निराळें, आंतलें निराळें, आणि मध्यें चिखल व खडी. धक्का बसतांच दोन्ही तोंडें सुटून फुगतात. ‘भिंत एकसंध आहे’ असें संगणकास सांगितलें तर तो मुकाट्यानें ऐकेल व सुबक पण खोटें उत्तर देईल. गणितापूर्वीं गंवड्याशीं बोलावें, असें मला वाटतें तें याचसाठीं. शिवाय वर माळवद. अर्धा मीटर जाडीची माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८०० किलो. तीन मीटर लांबरुंद खोलीवर सात टनांहून अधिक भार! वजन जितकें अधिक तितका हिसका मोठा. लांकडी खांब मात्र वांकतो, त्याचे सांधे कुरकुरत थोडे सरकतात आणि धक्क्याचा जोर त्यांत खर्ची पडतो.

म्हणूनच भूकंपानंतर जुन्या घरांस जे उपाय सुचविले गेले ते सारे ह्याच हिशेबांतले होते: भिंतीच्या दोन्ही तोंडांस आरपार जोडणारे लांब दगड घालावे, दारांच्या डोक्यावरून घराभोंवतीं काँक्रीटचा पट्टा फिरवावा, आणि माळवदावरची माती कमी करावी. यांपैकीं शेवटल्या उपायास लागतात फक्त एक फावडें आणि चार घमेलीं; पण तुळयांची बळकटी आधीं पाहून घ्यावी, आणि माती सर्व बाजूंनीं सारखी काढावी.