आजीची तिथी आणि फोनमधलं कॅलेंडर

आमच्या आजीचा वाढदिवस ऋषिपंचमीचा. २०२२ साली ती १ सप्टेंबरला आली. मी फोनमध्ये नोंद केली, खाली ‘दरवर्षी’ निवडलं आणि निश्चिंत झालो. पुढच्या वर्षी फोनने १ सप्टेंबरची आठवण दिली, मी ती पुण्याच्या ताईला पाठवली आणि ती बिचारी तिकीट काढून राऊला हजर! दारातच आजी म्हणाली, “अगं, अजून गणपती यायचेत!”

२०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळे ऋषिपंचमी थेट २० सप्टेंबरला गेली. तोवर ताईची रजा संपली होती. आजीने रागावली नाही, पण वाढदिवसाला ताईची आठवण तिने तीनदा काढली.

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. फोनमधल्या ‘दरवर्षी’ला हे कळत नाही. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीच्या नियमांत २०१५ साली चिनी आणि हिब्रू पंचांगांची, अगदी अधिक महिन्यासकट, सोय झाली. आपल्या तिथीची मात्र नाही. त्यात ‘भारतीय’ म्हणून आहे ते १९५७ चं राष्ट्रीय शक कॅलेंडर, आणि ते सौर आहे.

म्हणून तिथीला ‘दरवर्षी’ लावूच नये. पंचांगात बघून दरवर्षाची वेगळी नोंद करावी. शीर्षकात तिथीही लिहावी: ‘आजी, भाद्रपद शुद्ध पंचमी’. वद्य पक्षातली तिथी असेल तर आपण इंदूरकडच्यांनी जास्त जपावं. शेजारच्यांच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदात असते. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. हिंदी अ‍ॅपमध्ये आपल्या महिन्याच्या नावाने शोधलंत तर महिनाभराची चूक ठरलेली.

वाराने येणाऱ्या गोष्टींना मात्र ‘पुन्हा पुन्हा’ची सोय उत्तम. आईची भिशी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. २०२६ च्या नोव्हेंबरात दुसरा रविवार ८ तारखेला, म्हणजे नेमका लक्ष्मीपूजनाला! तेवढी एक भिशी १५ ला हलवायची. बदल जपताना फोन विचारतो: फक्त हीच, ही आणि पुढच्या, की सगळ्या? घाईत ‘सगळ्या’ दाबलं की वर्षभराची भिशी हलते. इथे ‘फक्त हीच’.

आणखी एक खाच. समजा ऑक्टोबरपासून भिशीची वेळ चारऐवजी पाचची केली आणि ‘ही आणि पुढच्या’ निवडलं. गूगल कॅलेंडरमध्ये असं केलं की त्यापुढचे सुटे बदल पुसले जातात. नोव्हेंबरची भिशी गुपचूप परत लक्ष्मीपूजनाला जाऊन बसते. तेव्हा आधी वेळ बदलावी, अपवाद मागाहून करावेत.

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणून आदल्या वर्षी २८ ऑगस्टला आलेली ऋषिपंचमी १५ सप्टेंबरला आहे. ताईच्या फोनमध्येही ती नोंद टाकली आहे, आणि आठवण दोन महिने आधीची लावली आहे, कारण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं.