नको असलेली चिन्हे काढताना

मोबाइल अ‍ॅपच्या चौकटीत वापरकर्ता जे टाइप करतो, ते प्रोग्रामच्या दृष्टीने ‘स्ट्रिंग’, म्हणजे ओळीने मांडलेल्या चिन्हांची मालिका असते. आणि तिच्यात अक्षरे व अंक यांच्याबरोबर मोकळ्या जागा, कंस, आडव्या रेघा, तसेच मजकूर दुसरीकडून आणून चिकटवताना आलेली अदृश्य चिन्हेही असू शकतात. शेवटी एक मोकळी जागा राहिली, तरी डोळ्यांना सारखे दिसणारे दोन ईमेल पत्ते संगणकाला भिन्न वाटतात. म्हणून मजकूर साठवण्यापूर्वी किंवा ताडून पाहण्यापूर्वी तो स्वच्छ करावा लागतो.

आयफोनसाठी वापरली जाणारी स्विफ्ट आणि अँड्रॉइडसाठी वापरली जाणारी कोटलिन या दोन्ही भाषांत त्यासाठी तयार साधने आहेत. ‘ट्रिम’ या प्रकारची क्रिया मालिकेच्या केवळ दोन्ही टोकांची चिन्हे काढते, मधल्या चिन्हांना हात लावत नाही. ‘फिल्टर’ मात्र प्रत्येक चिन्ह दिलेल्या अटीवर पारखून अट पाळणारी तेवढीच ठेवते. कोटलिनमध्ये मूळ स्ट्रिंग कधीच बदलत नसल्यामुळे प्रत्येक क्रियेतून नवी स्ट्रिंग मिळते, आणि ती जपून ठेवली नाही, तर सफाई वाया जाते.

दूरध्वनी क्रमांकासाठी ‘फक्त अंक ठेवा’ ही अट सोपी वाटते, परंतु तिने देशाच्या संकेतांकाआधीचे अधिकचिन्हही गळून पडते. शिवाय युनिकोड या जागतिक लिपिसंहितेत ० ते ९ हे देवनागरी अंकही अंकच मानलेले असल्याने कोटलिनची अंक ओळखणारी तयार अट त्यांना मान्यता देते. पुढील यंत्रणेला इंग्रजी अंक हवे असतील, तर ते आधी बदलून घ्यावे लागतात.

नावांच्या बाबतीत धोका अधिक मोठा आहे. युनिकोडमध्ये मात्रा, वेलांट्या, उकार आणि अनुस्वार यांचे वर्गीकरण ‘अक्षर’ असे नसून ‘जोडचिन्ह’ असे आहे, त्यामुळे कोटलिनमध्ये ‘फक्त अक्षरे ठेवा’ अशी अट घातल्यास ‘पुणे’चे ‘पण’ आणि ‘मुंबई’चे ‘मबई’ होते. अदृश्य चिन्हेही सरसकट निरुपयोगी नसतात: ‘ऱ्य’मधला अर्धा ‘र’ लिहिण्याची एक पद्धत शून्य रुंदीच्या जोडणीचिन्हावर अवलंबून असते, आणि ते पुसले गेले, की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्रवाचक ‘दर्या’ होतो.

एखादे चिन्ह नकोसे आहे की नाही, हे त्या चिन्हावरून नव्हे, तर त्या रकान्याच्या हेतूवरून ठरते. म्हणून क्रमांकासाठी मान्य चिन्हांची नेमकी यादी ठरवावी, नावासाठी कडेच्या जागा काढून बाकी मजकूर शक्यतो जसाच्या तसा ठेवावा, आणि ‘शौर्या’, ‘कुऱ्हाडे’, ‘पंढरीनाथ’ अशा नावांवर चाचणी केल्याशिवाय अ‍ॅप लोकांच्या हाती देऊ नये. कारण आपले नाव नीट लिहिले जाणे हा वापरकर्त्याचा हक्क आहे.